महाराष्ट्रातील मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाचे बदलते स्वरूप

महाराष्ट्रात मद्य आणि अमली पदार्थांच्या सेवनाचे स्वरूप गेल्या सुमारे दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. एकोणिसाव्या शतकात ताडी, मोहाची दारू, अफू आणि गांजा ही प्रमुख मादक द्रव्ये होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर दारूबंदीमुळे हातभट्टीची दारू फोफावली. १९७० च्या दशकापासून कारखान्यात तयार होणारी देशी व विदेशी बनावटीची दारू सर्वत्र पोहोचली. १९८० च्या दशकात गर्द, त्यानंतर झोपेच्या गोळ्या व खोकल्याची औषधे आणि २०१० नंतर मेफेड्रोन असा अमली पदार्थांचा क्रम दिसतो. नवा पदार्थ आला म्हणून जुना नाहीसा झाला, असे मात्र क्वचितच घडले. बहुतेक वेळा एका पदार्थावरील कायदा, कर किंवा टंचाई यांमुळे सेवन दुसऱ्या, अनेकदा अधिक तीव्र, पदार्थाकडे वळले. सेवनाबरोबर पदार्थाचे उगमस्थानही बदलले. झाड आणि शेत यांच्याकडून ते भट्टीकडे, भट्टीकडून साखर कारखान्याच्या आसवनीकडे आणि शेवटी रासायनिक प्रयोगशाळेकडे गेले.

संज्ञा

मराठीत ‘व्यसन’ हा शब्द सवयीपासून आजारापर्यंत सर्व अवस्थांसाठी वापरला जातो. वैद्यकशास्त्रात मात्र अधूनमधून केलेले सेवन, हानिकारक सेवन आणि अवलंबित्व असा भेद केला जातो. अवलंबित्वात पदार्थाचे प्रमाण वाढवत न्यावे लागते, तो न मिळाल्यास शारीरिक व मानसिक त्रास होतो आणि नुकसान दिसत असूनही सेवन थांबवता येत नाही. या त्रासाला गर्दच्या व्यसनींच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात.

व्यसनाच्या बदलत्या स्वरूपाच्या खुणा भाषेतही उमटल्या आहेत. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकातील तळीराम हे पात्र इतके रुजले की ‘तळीराम’ हे मद्यपीसाठी सामान्यनाम झाले. १९८० च्या दशकात त्याच रीतीने ‘गर्दुल्ला’ हा शब्द तयार झाला. पहिल्या शब्दात थट्टेबरोबर थोडी आपुलकी आहे. दुसऱ्यात ती नाही. दोन्ही व्यसनींकडे समाज कसा पाहत आला, हे या फरकातून कळते.

पारंपरिक मद्ये आणि अबकारी धोरण

कोकण किनाऱ्यावर नारळाची माडी व ताडाची ताडी, देशावर शिंदी आणि सह्याद्री, सातपुडा व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या फुलांची दारू ही पारंपरिक मद्ये होती. ताडी आणि माडी आंबवलेली असल्याने त्यांत मद्यार्काचे प्रमाण कमी असते व ती एका दिवसात आंबट होतात. त्यामुळे साठवण आणि दूरचा व्यापार यांना मर्यादा होती. आदिवासी समाजांत मोहाची दारू जन्म, विवाह, मृत्यू व देवकार्य यांच्याशी जोडलेली होती. मोहाचे फूल अन्न म्हणूनही वापरले जाई.

मुंबई अबकारी कायदा, १८७८ नंतर ही रचना बदलली. सरकारने गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्यनिर्मिती मोजक्या मध्यवर्ती आसवनींमध्ये एकवटली, ताडीच्या झाडांवर कर बसवला आणि दुकानांचे मक्ते लिलावाने देण्यास सुरुवात केली. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवर निर्बंध आले. घरी गाळलेली दारू गुन्हा ठरली आणि आदिवासी कुटुंबांना दुकानातून, बऱ्याचदा उधारीवर, दारू घ्यावी लागली. दारूचा दुकानदार हाच अनेक ठिकाणी सावकार व जमीन बळकावणाराही ठरला.

मद्यविरोधी चळवळींचा उगम या परिस्थितीत आहे. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. पालघर किनाऱ्यावरील मांगेला कोळी समाजात सुरू झालेली देवीची चळवळ डोंगराळ आदिवासी भागातून सरकत १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातेत पोहोचली. अंगात आलेल्या देवीच्या आज्ञेने हजारो आदिवासींनी दारू व ताडी सोडली आणि दारूविक्रेत्या जमीनदारांवर बहिष्कार घातला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा परिसरात संत गुलाम महाराज यांच्या ‘आप’ चळवळीनेही भिल्ल समाजात दारूत्यागाचा प्रसार केला. दारू सोडणे हा या चळवळींत केवळ नीतीचा भाग नव्हता. त्यात कर्जातून सुटण्याचा मार्गही होता.

अफू आणि गांजा

एकोणिसाव्या शतकात माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि मुंबईतील अनेक व्यापारी घराण्यांची संपत्ती या व्यापारातून उभी राहिली. ही निर्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थांबली. देशांतर्गत विक्री मात्र परवानाधारक दुकानांतून पुढेही चालू राहिली. मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्री कामगार कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत. पाळणाघर नसताना दहा तासांच्या पाळीत मूल झोपून राहावे, हा त्यामागचा हेतू असे. १९२० च्या दशकातील मुंबईच्या बालआरोग्यविषयक पाहण्यांत ही प्रथा कामगार वस्त्यांत सर्रास असल्याचे नोंदवले गेले. व्यसनाचा प्रश्न कामाच्या परिस्थितीपासून वेगळा काढता येत नाही, याचे हे ठळक जुने उदाहरण आहे.

गांजाची परवानगीने होणारी लागवड मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) भागात होती. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय भांग आयोगाने (१८९३–९४) मर्यादित सेवन फारसे हानिकारक नसल्याचा निष्कर्ष काढला आणि संपूर्ण बंदीऐवजी परवाना व कर यांची शिफारस केली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आली, परंतु भांगेच्या पानांना व्याख्येतून वगळण्यात आले. आज महाराष्ट्रात येणाऱ्या गांजाचा मोठा भाग आंध्र प्रदेश व ओडिशाच्या सीमेवरील डोंगराळ पट्ट्यातून येतो. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी इतर पिकांच्या आड केलेली लागवडही पोलिसांनी वारंवार नष्ट केली आहे.

दारूबंदीचा काळ

काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसवण्यात आला. मद्यव्यवसायात मोठा वाटा असलेल्या पारशी समाजातून बंदीला तीव्र विरोध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर बंदी ढिली पडली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाई हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. १९५१ च्या ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध मात्र रद्द केले.

बंदीमुळे पिणे थांबले नाही, त्याची जागा बदलली. मुंबईत गिरगाव, धोबीतलाव, माहीम, वांद्रे अशा भागांत घराच्या पुढच्या खोलीत चालणारे ‘आंटीचे अड्डे’ प्रसिद्ध झाले. ते चालवणाऱ्यांत गोव्याकडील ख्रिस्ती स्त्रियांचा भरणा होता. धारावी, अँटॉप हिल आणि खाडीलगतच्या खारफुटीत हातभट्ट्या लागल्या. काळा गूळ आणि नवसागर ही हातभट्टीची नेहमीची सामग्री होती. अवैध दारूच्या पैशातून आणि पोलिसांच्या हप्त्यांतून संघटित गुन्हेगारीचा पाया घातला गेला. वरदराजन मुदलियार हा या व्यवसायातून वर आलेला सर्वांत परिचित गुन्हेगार होय. पुढे सोने व अमली पदार्थांच्या तस्करीत उतरलेल्या टोळ्यांना ही व्यवस्था आयतीच मिळाली.

परवाना, ऊस आणि महसूल

१९६० मध्ये राज्याची विभागणी झाल्यावर गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ती टप्प्याटप्प्याने शिथिल केली. कायदा मात्र रद्द झाला नाही. त्याचे नाव आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असेच आहे आणि त्याच कायद्याखाली दारूचे परवाने दिले जातात. पिणाऱ्याकडेही परवाना असणे आवश्यक मानले जाते. विदेशी दारूसाठी एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. तीव्र मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षे, तर बिअरसाठी २१ वर्षे आहे. महाराष्ट्रातील बारच्या पाट्यांवर दिसणारा ‘परमिट रूम’ हा शब्द या कायद्यातून आला, हे तेथे बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

शिथिलीकरणाचा काळ आणि सहकारी साखर कारखानदारीच्या वाढीचा काळ एकच होता. साखरेचे उपउत्पादन असलेल्या मळीपासून मद्यार्क बनतो. कारखान्यांना जोडून आसवनी उभ्या राहिल्या आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी स्वस्त, बाटलीबंद, सरकारमान्य दारू गावपातळीवर पोहोचवली. संत्र्याच्या स्वादाची देशी दारू व तिची ‘चपटी’ ग्रामीण मराठीत रुळली. त्यामुळे ताडी–माडी पिणाऱ्यांची पुढची पिढी थेट तीव्र मद्याकडे गेली. आंबवलेल्या पेयाकडून गाळलेल्या पेयाकडे झालेला हा बदल आरोग्याच्या दृष्टीने दारूबंदी येण्या–जाण्यापेक्षा अधिक दूरगामी ठरला, असे म्हणता येते.

पुढील दशकांत राज्याने मद्यउद्योगाकडे शेतमाल प्रक्रिया म्हणून पाहिले. २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर होऊन नाशिक व सांगली परिसरात वाइन उद्योगाला सवलती मिळाल्या. २००७ च्या सुमारास धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या प्रकल्पांना अनुदान देण्याचे धोरण आले. ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळेल, असे त्याचे समर्थन होते; डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णयही विरोधामुळे प्रत्यक्षात आला नाही. राज्य उत्पादन शुल्काचे वार्षिक उत्पन्न २०२२–२३ पासून वीस हजार कोटी रुपयांच्या वर आहे. जून २०२५ मध्ये ते आणखी वाढवण्यासाठी विदेशी बनावटीच्या दारूवरील शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करण्यात आले. त्याच वेळी धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या, तुलनेने स्वस्त प्रकाराला मान्यता मिळाली.

विषारी दारू

सरकारमान्य दारू महाग झाली किंवा दुर्मिळ झाली की सर्वांत गरीब ग्राहक अवैध दारूकडे वळतो. अशा दारूत औद्योगिक वापराचे मिथेनॉल मिसळल्यास यकृतात त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर होते. त्याने दृष्टिचेता निकामी होते आणि श्वसन बंद पडून मृत्यू येतो. लक्षणे दिसायला काही तास ते एखादा दिवस लागतो, म्हणून पिणाऱ्याला धोका वेळीच कळत नाही. मुंबईत विक्रोळी येथे डिसेंबर २००४ मध्ये आणि मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा दुर्घटना घडल्या. मालवणीत शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत रोजंदारीवर काम करणारे बहुसंख्य होते.

कोविड–१९ च्या टाळेबंदीत २०२० मध्ये सुमारे सहा आठवडे दारूची दुकाने बंद होती. दुकाने उघडताच लागलेल्या रांगा आणि त्यानंतर सुरू झालेली घरपोच विक्री यांची चर्चा झाली. अवलंबित्व असलेल्या व्यक्तींची दारू एकाएकी तुटल्यावर उद्‌भवणारे झटके व कंपवात यांची तितकी झाली नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले असता यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारूऐवजी सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला.

गर्द

अफगाणिस्तानातील युद्ध आणि इराणमधील क्रांती यांमुळे १९७९ नंतर अफगाण–पाकिस्तानी हेरॉइनचे जुने मार्ग बदलले व भारत हा मोठा वाहतूक मार्ग बनला. या मालाचा अशुद्ध, तपकिरी प्रकार १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत व पाठोपाठ पुण्यात स्वस्तात मिळू लागला. त्याला ‘ब्राउन शुगर’ किंवा ‘गर्द’ म्हणत. चांदीच्या कागदावर पूड तापवून तिचा धूर नळीने ओढण्याची पद्धत सोपी होती. सुई लागत नसल्याने नवख्याला भीती वाटत नसे. अफूच्या दुकानात जाणारा ग्राहक बहुधा प्रौढ असे. गर्दने प्रथमच महाविद्यालयीन विद्यार्थी, रिक्षाचालक आणि बेकार तरुण अशा वेगवेगळ्या थरांना एकाच वेळी गाठले. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावात पसरलेल्या बेकारीशी या प्रसाराचा संबंध जोडला जातो.

या काळात पत्रकार व लेखक अनिल अवचट यांनी व्यसनींमध्ये फिरून लिहिलेल्या ‘गर्द’ या लेखनाने मराठी मध्यमवर्गाला प्रश्नाची जाणीव झाली. ते वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या त्याच्या प्रमुख होत्या. व्यसन हा गुन्हा किंवा चारित्र्यदोष नसून आजार आहे, ही भूमिका या केंद्राने रुजवली. गंमत अशी की गर्दसाठी उघडलेल्या या केंद्रात पुढे दारूच्या रुग्णांचे प्रमाण अधिक झाले.

केंद्र सरकारचा अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आला. त्यात किमान दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने पदार्थाच्या वजनानुसार शिक्षेचे स्तर ठरले. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमपासून व्यापारी प्रमाण मानले जाते; गांजासाठी हे आकडे १ किलो व २० किलो आहेत. उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४ अ कायद्यात असूनही ते क्वचित वापरले जाते. महाराष्ट्रात या कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या प्रकरणांत विक्रीपेक्षा सेवनाच्या प्रकरणांचा वाटा मोठा असतो.

औषधाच्या दुकानातील नशा

गर्द महाग किंवा भेसळयुक्त होऊ लागल्यावर अनेक व्यसनी वेदनाशामक इंजेक्शने, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्यांकडे वळले. सुया वाटून घेतल्याने एचआयव्ही व यकृतदाहाचा प्रसार हा नवा धोका निर्माण झाला. नायट्राझेपामच्या गोळीला मुंबईत ‘बटन’ म्हणतात. मालेगावात अल्प्राझोलामची गोळी ‘कुत्ता गोळी’ या नावाने ओळखली जाते. दारूचा वास येतो, गोळीचा येत नाही. ज्या वस्त्यांत दारू पिणे धर्म किंवा समाजाच्या दृष्टीने निषिद्ध आहे, तेथे गोळ्यांचा प्रसार होण्यामागे हे एक कारण सांगितले जाते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत आले.

रेल्वे स्थानके व उड्डाणपुलांखाली राहणाऱ्या मुलांमध्ये व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन आणि थिनर रुमालावर घेऊन हुंगण्याची सवय आढळते. हे पदार्थ स्वस्त आहेत, भूक मारतात आणि ते विकत घेणे हा गुन्हा नाही.

मेफेड्रोन

मेफेड्रोन हे १९२९ मध्ये प्रथम तयार झालेले उत्तेजक रसायन २००० च्या दशकात युरोपात नशेसाठी वापरले जाऊ लागले. मुंबईत ते ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ या नावांनी पसरले. सुरुवातीस ते भारतातील कोणत्याही प्रतिबंधित यादीत नव्हते, त्यामुळे पोलिसांना पकडलेला माल व विक्रेते सोडून द्यावे लागत. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा कायद्यात समावेश झाला. त्याचा परिणाम थोडा वेळ टिकतो. म्हणून एकाच रात्री पुन्हा पुन्हा मात्रा घेतली जाते. झोप व भूक नाहीशी होणे, वजन झपाट्याने घटणे, संशयग्रस्तता आणि हृदयाचे ठोके अनियमित होणे ही त्याची लक्षणे आहेत. गर्दने माणूस सुस्त होतो, एमडीने तो अस्वस्थ व जागा राहतो. कुटुंबीयांना आरंभी तो अधिक कामसू वाटतो आणि व्यसन उशिरा लक्षात येते.

या पदार्थाने पुरवठ्याचा भूगोल पालटला. हेरॉइनला सीमा ओलांडावी लागते, गांजाला शेत लागते. मेफेड्रोनला रसायनशास्त्र जाणणारा माणूस आणि औद्योगिक वसाहतीतील एक गाळा पुरतो. १९८० च्या दशकापासून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या मेथॅक्वालोनच्या गोळ्यांची चोरटी निर्मिती भारतात होत होती आणि मुंबई तिचे एक केंद्र होते. त्यामुळे औषधनिर्मितीच्या ज्ञानाचा असा वापर महाराष्ट्राला सर्वस्वी नवा नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये सोलापूर येथील एका औषध कारखान्यातून सुमारे १८ टन इफेड्रिन जप्त झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये नालासोपारा येथे सुमारे ७०० किलो मेफेड्रोन सापडले. २०२३ मध्ये नाशिकजवळ कारखाना उघडकीस आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहत, सांगलीतील कुपवाड व दिल्ली येथून मिळून दीड हजार किलोहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. एकेकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणारा माल आता राज्याच्या आतील जिल्ह्यांत तयार होतो. साहजिकच तो तालुक्याच्या गावांतही मिळू लागला आहे.

सेवनाचे प्रमाण

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यपान करतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के आहे. भांग–गांजा सुमारे २.८ टक्के व अफूजन्य पदार्थ सुमारे २.१ टक्के लोक घेतात. हुंगण्याची द्रव्ये हा एकमेव प्रकार असा, की ज्यात मुलांचे प्रमाण (१.७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) अधिक आहे. अफूजन्य पदार्थ, झोपेची औषधे आणि मुलांमधील हुंगण्याची द्रव्ये या तिन्ही बाबतींत सर्वाधिक बाधित लोकसंख्येच्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील १३.९ टक्के पुरुष व ०.४ टक्के स्त्रिया मद्यपान करतात. हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे. याच पाहणीत तंबाखूचे सेवन पुरुषांत ३३.८ व स्त्रियांत १०.९ टक्के आढळले. ग्रामीण स्त्रियांमधील मशेरीची सवय त्यामागे आहे. घरी जाऊन विचारलेल्या प्रश्नांना मिळणारी उत्तरे, विशेषतः स्त्रियांची व दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतील पुरुषांची, प्रत्यक्षापेक्षा कमी सेवन दाखवतात, हे लक्षात घेऊनच हे आकडे वाचावे लागतात. देशपातळीवर, पती वारंवार दारूच्या नशेत असतो अशा विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. पती पीत नाही अशा स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते.

जिल्हा व गावपातळीवरील बंदी

महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७५ मध्ये दारूबंदी झाली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग तसेच अनेक संघटनांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये ती लागू झाली. २०१६ पासून तेथे ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम चालतो. चंद्रपूरमध्ये स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली, पण अवैध विक्री व गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन राज्य सरकारने ती २०२१ मध्ये उठवली. बंदीच्या समर्थकांच्या मते दोष बंदीचा नसून अंमलबजावणीचा होता. एकच उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या म्हणण्यासाठी देत असतात.

गावपातळीवर स्त्रियांना मतदानाने परवानाधारक दुकान बंद करण्याचा अधिकार आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केल्यास मतदान घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिल्यास दुकान बंद होते. मतपत्रिकेवरील चिन्हांवरून त्याला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात. निम्मी संख्या ही झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण नोंदणीकृत महिला मतदारांच्या प्रमाणात मोजली जाते. त्यामुळे कामासाठी स्थलांतर केलेल्या स्त्रीचे न पडलेले मतही दुकानाच्या बाजूचे ठरते. ऊसतोडणीच्या हंगामात मतदान लागले की हा नियम विशेष जाचक होतो.

उपचार

मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन आणि पुण्याचे मुक्तांगण ही राज्यातील जुनी केंद्रे होत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावीही भरतात. सुई वापरणाऱ्या व्यसनींसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ब्युप्रेनॉर्फिनची तोंडाने घेण्याची गोळी देण्यात येते. दारूसाठी डायसल्फिरॅम, नाल्ट्रेक्सोन अशी औषधे आहेत. मेफेड्रोनसाठी मात्र असे कोणतेही मान्यताप्राप्त पर्यायी औषध नाही. समुपदेशन व लक्षणांनुसार उपचार यांवरच भर द्यावा लागतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार व्यसनमुक्ती केंद्रांची नोंदणी बंधनकारक झाली, कारण कोंडून ठेवणे व मारहाण यांच्या तक्रारी अनेक खासगी केंद्रांबद्दल येत होत्या. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी एकीलाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाला होता. अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्यांत रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेल्यांचे प्रमाण २० पैकी एक होते.